राजपत्रातील नियम दुकानाच्या पायरीपर्यंत कसा पोहोचणार?

ग्राहकोपयोगी वस्तूंच्या सुरक्षिततेचे आदेश गेल्या दशकात झपाट्याने वाढले. त्यांची माहिती लहान उत्पादक व व्यापाऱ्यांपर्यंत पोहोचवण्याची यंत्रणा मात्र त्या वेगाने वाढलेली नाही.

देशात १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्हाशिवाय खेळण्यांचे उत्पादन, आयात आणि विक्री करणे बेकायदा ठरले. एवढेच नव्हे, तर अशी खेळणी विक्रीसाठी साठवून ठेवणे किंवा दुकानात मांडणे हाही कायद्याचा भंग ठरू लागला. त्यानंतर बरोबर दोन वर्षांनी, जानेवारी २०२३ मध्ये, भारतीय मानक ब्युरोने देशाच्या विविध भागांत छापे घातले. महिनाभरात सुमारे १८,६०० खेळणी जप्त करण्यात आली. त्यात रस्त्यावरच्या फेरीवाल्यांपेक्षा विमानतळ व मॉलमधील नामांकित दुकानांची चर्चा अधिक झाली.

ज्यांच्याकडे वकील आहेत, सल्लागार आहेत, आयात-निर्यातीचा स्वतंत्र विभाग आहे, अशा दुकानांत दोन वर्षांनंतरही चिन्हाविना माल सापडत असेल, तर क्रॉफर्ड मार्केटलगतच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवरील घाऊक विक्रेत्याचे, पुण्याच्या तुळशीबागेत भातुकली विकणाऱ्याचे किंवा सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी खेळणी रंगवणाऱ्या कारागिराचे काय, हा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो. कायद्याचे अज्ञान ही सबब न्यायालयात चालत नाही, हे तत्त्व सर्वमान्य आहे. तथापि, कायदा सांगण्याची जबाबदारी कोणाची आणि ती कितपत पार पाडली जाते, याचा विचार आपल्याकडे क्वचितच होतो.

आदेश आवश्यक होता, यात शंका नाही

खेळण्यांवरील निर्बंध अकारण आले, असे कोणी म्हणू शकणार नाही. भारतीय गुणवत्ता परिषदेने दिल्ली व परिसरातील बाजारातून खेळण्यांचे १२१ नमुने घेऊन तपासणी करवली होती. २०१९ मध्ये समोर आलेल्या या तपासणीत आयात खेळण्यांपैकी ६६.९ टक्के नमुने सुरक्षिततेच्या कसोटीवर अपयशी ठरले. तीक्ष्ण कडा, सहज सुटून येणारे बारीक भाग, प्लॅस्टिक मऊ करण्यासाठी वापरली जाणारी थॅलेटसारखी रसायने, चटकन पेट घेणारे कापड असे दोष त्यात आढळले.

या दोषांचे परिणाम गंभीर असतात. तीन वर्षांखालील मूल हाती येईल ती वस्तू तोंडात घालते. म्हणूनच या वयाच्या मुलांच्या खेळण्यांसाठी ३१.७ मिलिमीटर व्यासाची एक लहानशी नळी चाचणीत वापरली जाते. खेळण्याचा सुटा भाग त्या नळीत पूर्ण मावला, तर तो मुलाच्या घशात अडकू शकतो, असे मानून ते खेळणे नाकारले जाते. रंगातून पाझरणाऱ्या शिशासाठी प्रतिकिलो ९० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. शिसे मुलाच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम करते आणि झालेले नुकसान भरून येत नाही. भारतीय मानक ९८७३ च्या वेगवेगळ्या भागांत या साऱ्या कसोट्या नमूद आहेत. विजेवर चालणाऱ्या खेळण्यांसाठी १५६४४ हे स्वतंत्र मानक आहे.

या पार्श्वभूमीवर केंद्राच्या उद्योग संवर्धन व अंतर्गत व्यापार विभागाने २५ फेब्रुवारी २०२० रोजी खेळणी (गुणवत्ता नियंत्रण) आदेश काढला. त्याच महिन्यात खेळण्यांवरील सीमाशुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्के करण्यात आले. २०२३ मध्ये ते ७० टक्क्यांवर गेले. लखनौच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेने केलेल्या अभ्यासानुसार २०१४-१५ ते २०२२-२३ या काळात खेळण्यांची आयात ५२ टक्क्यांनी घटली आणि निर्यात २३९ टक्क्यांनी वाढली. खेळण्यांसाठी मानक ब्युरोने दिलेल्या परवान्यांची संख्या दीड हजारांवर गेली. आदेशाचा परिणाम झाला, हे यावरून स्पष्ट आहे. प्रश्न आहे तो या आकड्यांत न दिसणाऱ्या लहान व्यावसायिकांचा.

एक वस्तू, अनेक खाती

ग्राहकोपयोगी वस्तूंच्या सुरक्षिततेचे नियम एका ठिकाणी मिळत नाहीत, ही व्यापाऱ्याची पहिली अडचण. खेळणी आणि प्रेशर कुकर यांचे आदेश उद्योग संवर्धन विभागाने काढले. दुचाकीस्वारांच्या हेल्मेटचा आदेश रस्ते वाहतूक मंत्रालयाने काढला. तो १ जून २०२१ पासून लागू झाला. इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या सक्तीच्या नोंदणीचा २०१२ चा आदेश माहिती तंत्रज्ञान खात्याचा होता. मानके ठरवण्याचे आणि परवाने देण्याचे काम मानक ब्युरोकडे, म्हणजे ग्राहक व्यवहार मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे. आयात मालाची अडवणूक सीमाशुल्क खाते करते. वेष्टनावर किंमत, वजन, उत्पादकाचे नाव छापले आहे की नाही, हे पाहण्याचे काम राज्याच्या वैधमापन यंत्रणेचे.

खेळणी, हेल्मेट आणि मोबाइलचे चार्जर एकाच फळीवर ठेवणाऱ्या दुकानदाराला या सर्व खात्यांच्या आदेशांवर लक्ष ठेवावे लागते. केंद्राचे आदेश राजपत्रात प्रसिद्ध होतात ते हिंदी आणि इंग्रजीत. मराठीत व्यवहार करणाऱ्या दुकानदाराला मानकाची तांत्रिक भाषा समजून घेण्यासाठी सल्लागाराचे पाय धरावे लागतात आणि सल्लागाराचे शुल्क मोजावे लागते.

आदेशांची संख्याही लक्षात घेण्याजोगी आहे. केंद्र सरकारने वेळोवेळी दिलेल्या माहितीनुसार २०१४ पूर्वी १०६ वस्तूंसाठी १४ गुणवत्ता नियंत्रण आदेश होते. २०२५ पर्यंत ही संख्या १८७ आदेश व ७६९ वस्तू इथवर गेली होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये मात्र पॉलिएस्टरचे धागे, प्लॅस्टिकचा कच्चा माल अशा मालावरील १४ आदेश एकदम मागे घेण्यात आले. कच्चा माल महाग होतो, ही उद्योगांची तक्रार त्यामागे होती. आदेश काढणे असो की मागे घेणे असो, दोन्हीची वार्ता लहान कारखानदारापर्यंत सर्वांत शेवटी पोहोचते.

मुदतवाढीतून मिळणारा चुकीचा धडा

माहिती न पोहोचण्याचे दुसरे कारण खुद्द सरकारच्या कार्यपद्धतीत दडलेले आहे. खेळण्यांचा आदेश मुळात १ सप्टेंबर २०२० पासून अमलात यायचा होता. तो चार महिन्यांनी पुढे ढकलण्यात आला. प्रेशर कुकरचा आदेश १ ऑगस्ट २०२० ऐवजी १ फेब्रुवारी २०२१ पासून लागू झाला. पादत्राणांच्या गुणवत्तेचा आदेश ऑक्टोबर २०२० मध्ये निघाला. पण त्याच्या अंमलबजावणीच्या तारखा २०२४ पर्यंत बदलत राहिल्या.

करोनाच्या काळात मुदतवाढ देणे भागच होते. उद्योगांच्या अडचणी ऐकून तारीख पुढे नेणे यातही वावगे काही नाही. परंतु वारंवारच्या मुदतवाढीतून बाजारात वेगळाच संदेश जातो. जो उत्पादक वेळेवर प्रयोगशाळा उभारतो, शुल्क भरतो, परवाना घेतो, त्याचा माल महाग पडतो. जो वाट पाहतो, त्याचे पैसे वाचतात. ‘अजून एकदा पुढे जाईल’ हा अंदाज दोन-तीन वेळा खरा ठरला, की पुढच्या सूचनेकडे कोणी गांभीर्याने पाहत नाही. मग ज्या वेळी तारीख खरोखरच अखेरची असते, त्या वेळी धावपळ उडते आणि छापे पडू लागले की अन्यायाची ओरड सुरू होते.

सवलत आहे, पण कोणाला?

अपुऱ्या माहितीचा सर्वाधिक फटका हस्तकारागिरांना बसू शकतो. खेळण्यांचा आदेश लागू होण्याच्या तोंडावर, डिसेंबर २०२० मध्ये, त्यात दुरुस्ती करून दोन गटांना सूट देण्यात आली. विकास आयुक्त (हस्तकला) यांच्या कार्यालयाकडे नोंदणी असलेल्या कारागिरांनी बनवून विकलेला माल हा पहिला गट. भौगोलिक मानांकन मिळालेल्या वस्तूंच्या नोंदणीकृत मालकाने व अधिकृत वापरकर्त्यांनी बनवून विकलेला माल हा दुसरा. कर्नाटकातील चन्नपट्टणच्या किंवा आंध्रातील कोंडापल्लीच्या खेळण्यांना या तरतुदीचा आधार मिळतो.

मात्र या सुटीचा नेमका अर्थ काय, हे कारागिराला ठाऊक असणे अगत्याचे आहे. वस्तू हाताने घडवलेली आहे, पिढीजात कला आहे, एवढ्यावर सूट मिळत नाही. कारागिराचे नाव सरकारी नोंदीत असावे लागते. मानांकनाचा आधार घ्यायचा, तर त्या मानांकनाखाली अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद व्हावी लागते. एखाद्या गावाची खेळणी कितीही प्रसिद्ध असोत, नोंदणी न केलेला कारागीर कायद्याच्या दृष्टीने परवाना नसलेला उत्पादकच ठरतो.

भातुकलीचा प्रश्न याहून नाजूक आहे. १४ वर्षांखालील मुलांच्या खेळासाठी बनवलेली वस्तू म्हणजे खेळणे, अशी आदेशातील व्याख्या आहे. तीच पितळी भांडी बैठकीच्या खोलीत शोभेसाठी मांडली तर ती वेगळी वस्तू, मुलीच्या हाती दिली तर खेळणे. विक्रेत्याने ती काय म्हणून विकली, वेष्टनावर काय लिहिले, यावर पुष्कळ काही अवलंबून राहते. अशा शंकांचे उत्तर सोप्या मराठीत, लेखी स्वरूपात आणि विनाशुल्क कोण देणार?

आयातदारांबाबतही असाच गैरसमज आढळतो. आयएसआय चिन्हाचा परवाना कारखान्याला मिळतो, व्यापाऱ्याला नाही. परदेशातून माल आणणाऱ्याने स्वतः अर्ज करून भागत नाही. ज्या परदेशी कारखान्यात माल तयार होतो, त्या कारखान्यालाच मानक ब्युरोचा परवाना घ्यावा लागतो. हा एक मुद्दा माल मागवण्यापूर्वी कळला, तर बंदरात अडकणाऱ्या पेट्यांची संख्या कमी होईल. माल आल्यानंतर कळला, तर भांडवल आणि भाडे दोन्ही बुडते.

दुकानदाराची जोखीम

‘माल मी बनवलेला नाही, मी फक्त विकतो’ हा बचाव आता फारसा उपयोगाचा राहिलेला नाही. भारतीय मानक ब्युरो कायदा, २०१६ च्या कलम १७ मध्ये उत्पादकाबरोबरच आयातदार, वितरक, विक्रेता आणि साठा करणारा या सर्वांचा उल्लेख आहे. या कायद्यात पहिल्या गुन्ह्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान दोन लाख रुपये दंड, तर पुढील गुन्ह्यासाठी किमान पाच लाख रुपये दंड आणि मालाच्या किमतीच्या दहापटीपर्यंत वाढ अशी तरतूद करण्यात आली. पाच-दहा हजारांचा माल ठेवणाऱ्या दुकानदाराला दोन लाखांचा दंड म्हणजे दुकान बंद करण्याची वेळ.

याशिवाय जुलै २०२० मध्ये लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ने ‘उत्पादन दायित्व’ ही संकल्पना आणली. सदोष वस्तूमुळे ग्राहकाला इजा झाली, तर भरपाईची जबाबदारी उत्पादकावर येते. परंतु उत्पादक कोण हेच समजत नसेल, तर ती विक्रेत्यावर येऊ शकते. बिलाविना माल घेण्याची सवय असलेल्या किरकोळ बाजारात या एका तरतुदीचे परिणाम दूरगामी आहेत. घाऊक व्यापाऱ्याकडून घेतलेले पक्के बिल हा आता केवळ कराचा कागद उरलेला नसून दुकानदाराचा बचावही आहे. ही गोष्ट किती दुकानदारांना ठाऊक आहे?

ऑनलाइन बाजारपेठांनाही हा नियम चुकलेला नाही. मानकांत न बसणारे प्रेशर कुकर विकू दिल्याबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑगस्ट २०२२ मध्ये ॲमेझॉनला एक लाख रुपये दंड केला आणि विकले गेलेले २,२६५ कुकर परत घेऊन ग्राहकांना पैसे देण्याचा आदेश दिला. फ्लिपकार्टवरही ५९८ कुकरच्या प्रकरणात अशीच कारवाई झाली. ॲमेझॉनला या विक्रीतून सहा लाखांहून अधिक रुपयांचे शुल्क मिळाले होते. प्रत्येक विक्रीवर कमाई करणाऱ्याला जबाबदारी झटकता येणार नाही, अशी प्राधिकरणाची भूमिका होती. कंपनीने या आदेशाला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले. मोठ्या कंपनीला न्यायालयात जाणे परवडते. लहान दुकानदाराला बहुधा तेही परवडत नाही.

इतर देशांचा अनुभव

अमेरिकेला या पेचातून आधीच जावे लागले. २००७ मध्ये शिसेयुक्त रंगामुळे चिनी बनावटीची लाखो खेळणी परत मागवावी लागली. त्यानंतर ऑगस्ट २००८ मध्ये तेथे ग्राहक उत्पादन सुरक्षा सुधारणा कायदा झाला. मुलांच्या वस्तूंची त्रयस्थ प्रयोगशाळेत तपासणी सक्तीची ठरली आणि घरगुती स्वरूपात लाकडी खेळणी, कापडी बाहुल्या बनवणारे हजारो लहान व्यावसायिक हादरले. प्रत्येक खेळण्याच्या तपासणीचा खर्च त्यांना झेपणारा नव्हता. जानेवारी २००९ मध्ये तपासणीच्या अनेक अटींना वर्षभराची स्थगिती द्यावी लागली. अखेरीस २०११ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत उलाढाल असलेल्या आणि एखाद्या वस्तूचे ७,५०० पर्यंत नग बनवणाऱ्या उत्पादकांना तपासणीच्या काही अटींतून सवलत मिळाली. सुरक्षिततेची मर्यादा मात्र सर्वांना समान राहिली. लहान व्यावसायिकांच्या शंकांसाठी तेथील आयोगाने स्वतंत्र अधिकारी नेमला आणि प्रश्नोत्तरांतून आपल्या वस्तूला कोणते नियम लागू होतात हे सांगणारी संगणकीय सोयही केली.

युरोपीय संघाने आणखी पुढचे पाऊल टाकले. २०१९ च्या एका नियमानुसार प्रत्येक सदस्य देशाने वस्तूंसाठी संपर्क केंद्र ठेवावे आणि व्यावसायिकाने विचारलेल्या प्रश्नाला १५ कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यावे, असे बंधन आहे. म्हणजे नियम पाळणे हे व्यावसायिकाचे कर्तव्य, तसे नियम सांगणे हे शासनाचे कर्तव्य मानले गेले. डिसेंबर २०२४ पासून युरोपात लागू झालेल्या सर्वसाधारण उत्पादन सुरक्षा नियमांमुळे तेथे ऑनलाइन माल पाठवणाऱ्या भारतीय लघुउद्योजकांनाही युरोपात जबाबदार प्रतिनिधी नेमावा लागतो. तेव्हा हा विषय आता देशाच्या सीमेपुरता राहिलेला नाही.

यात एक विसंगतीही नजरेत भरते. जागतिक व्यापार संघटनेच्या करारानुसार भारताला आपल्या तांत्रिक नियमांची पूर्वसूचना इतर देशांना द्यावी लागते. हरकतींसाठी साधारणपणे ६० दिवस आणि प्रसिद्धीनंतर अंमलबजावणीसाठी सहा महिने, असे संकेत ठरलेले आहेत. परदेशी निर्यातदारांच्या शंकांसाठी मानक ब्युरो हेच भारताचे चौकशी केंद्र आहे. जिनिव्हापर्यंत जी सूचना नियमाने जाते, ती मुंबईच्या मशीद बंदरपर्यंत पोहोचेल याची शाश्वती मात्र कोणत्याही नियमाने दिलेली नाही.

पत्ता सरकारकडेच आहे

मानक ब्युरोने या दिशेने काहीच केलेले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. भारतीय मानके संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतात. मोबाइलवरील ‘बीआयएस केअर’ ॲपवर परवान्याचा क्रमांक टाकून चिन्ह खरे की खोटे हे कोणालाही तपासता येते. सूक्ष्म उद्योगांना वार्षिक किमान शुल्कात ८० टक्के, लघुउद्योगांना ५० टक्के आणि मध्यम उद्योगांना २० टक्के सवलत देण्यात आली. खेळणी बनवणाऱ्या सूक्ष्म उद्योगांना स्वतःची प्रयोगशाळा उभारण्याच्या अटीतूनही मुदतीपुरती सूट मिळाली. पण या सर्व सोयी शोधत येणाऱ्यासाठी आहेत. ज्याला आपल्यावर नियम लागू होतो हेच माहीत नाही, तो संकेतस्थळावर कशाला जाईल?

वस्तुतः ज्याला कळवायचे, त्याचा पत्ता सरकारकडे आहे. वस्तू व सेवा करात प्रत्येक मालाला सांकेतिक क्रमांक आहे. खेळण्यांचा चार अंकी क्रमांक ९५०३. पाच कोटींपर्यंत उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यालाही दुसऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्याला दिलेल्या बिलावर चार अंकी क्रमांक लिहावा लागतो. उद्यम नोंदणीत लघुउद्योजकाचा मोबाइल क्रमांक आणि व्यवसायाचा प्रकार नोंदलेला असतो. या दोन नोंदींचा मेळ घातला, तर आदेश निघाल्याच्या आठवड्याभरात त्या मालाच्या बहुतेक नोंदणीकृत व्यावसायिकांना मराठीत, तमिळमध्ये, बंगालीत संदेश पाठवणे अशक्य नाही. कर विवरणपत्राची तारीख चुकली तर ज्या तत्परतेने संदेश येतो, तीच तत्परता सुरक्षिततेच्या आदेशाबाबत दाखवायला हवी.

कराच्या नोंदणीबाहेरचे विक्रेते आणि कारागीर यांच्यासाठी मात्र माणसेच लागतील. राज्यात जिल्हा उद्योग केंद्रे आहेत, वैधमापन निरीक्षक आहेत, वालचंद हिराचंद यांनी १९२७ मध्ये स्थापन केलेल्या महाराष्ट्र चेंबरसारख्या व्यापारी संस्था आहेत, १९७५ पासून काम करणारी मुंबई ग्राहक पंचायत आहे. अंधेरीतील मानक ब्युरोच्या विभागीय कार्यालयाने या संस्थांमार्फत प्रत्येक आदेशाचे एक पानी मराठी निवेदन बाजारपेठांत पोहोचवले, तर त्यास फार मोठा निधी लागणार नाही. निवेदनात चारच गोष्टी असाव्यात: कोणती वस्तू, कोणत्या तारखेपासून, सूट कोणाला आणि शंका विचारायची कोठे. जुन्या साठ्याचे काय करायचे, हेही त्यात स्पष्ट असावे.

माहिती देऊनही जे नियम मोडतात, त्यांच्यावर कठोर कारवाई व्हायलाच हवी. किंबहुना माहिती नीट पोहोचली, तरच कारवाईला नैतिक बळ येते. ‘आम्हाला कळलेच नाही’ म्हणणाऱ्यांतून खरे अज्ञानी आणि लबाड वेगळे करता येतात. आज दोघांनाही एकच सबब वापरता येते आणि दोघांनाही एकच दंड होतो. यात लबाडाचे फारसे बिघडत नाही. तो दुसऱ्या नावाने धंदा सुरू करतो. प्रामाणिक विक्रेता मात्र उठतो, आणि चिन्ह नसलेले, शिसे पाझरणारे खेळणे रस्त्याच्या कडेला विकले जातच राहते. ते कोणाच्या घरातील मुलाच्या तोंडात जाणार, हे ना दिल्लीला ठाऊक असते, ना दुकानदाराला.